फेस बसल्यावर घड्याळ

बिअरच्या कारखान्यात त्यांना सगळे उकळीमामा म्हणत. खरं नाव काय ते हजेरीपटावरच उरलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तांब्याच्या मोठ्या हंड्यापाशी उभे राहिले, ते सत्तावन्नाव्या वर्षीही तिथंच. जवाच्या गोड पाण्याला उकळी आणायची, कडू फुलं टाकायची, ठरल्या वेळी गॅस तोडायचा. वासावरूनच सांगायचे, "आज जव ओले आलेत." स्वतः मात्र थेंब घेत नसत. कुणी छेडलं तर म्हणत, "हलवाई कधी पेढे खाताना दिसलाय का?"

कंपनीचे शंभरावर पब आणि बिअरचे चार कारखाने. एका पिंपामागे इतकाच कार्बन हवेत सोडायचा, अशी मर्यादा तिनं घालून घेतली होती. तीन कारखान्यांचे आकडे त्या रेषेखाली आले. इथल्या नळांना आवरणं घातली, बर्नर बदलले. आकडा थोडा उतरला आणि अडून बसला. मग पत्र आलं. वर्षअखेर रेषेखाली आला नाही, तर उकळण्याचं काम दुसरीकडे जाईल. इथं नुसती पिंपं भरायची. मामांसकट अकरा माणसं घरी.

कारण शोधायला मुख्य ऑफिसातून एक मुलगी आली. कारखान्यानं लगेच तिचं नाव कार्बनताई ठेवलं. दोन महिने ती वह्या चाळत होती, मीटर तपासत होती. एकदा हंड्यापाशी आली.

"मामा, एक घाणा किती वेळ उकळतो?"

"एक तास. भिंतीवर लिहिलंय की."

"भिंतीला कुठं विचारलं? तुम्हाला विचारतेय."

मामा हसले आणि हंड्याकडे वळले. उस्तादांनी शिकवलं होतं, की उकळी आली की फेस चढतो. तो बसेपर्यंत घड्याळाला हात लावायचा नाही. फेस बसायला अर्धा तास लागायचा, आणि मामांचा तास तिथून सुरू व्हायचा. वहीत मात्र एकच तास. अडतीस वर्षांत हे खोटं आहे असं त्यांना एकदाही वाटलं नव्हतं.

संध्याकाळी ताट तसंच राहिलं.

"भूक नाही?" बायकोनं विचारलं.

"नाही."

"म्हणजे काहीतरी गिळून आलाय. ओका बघू."

त्यांनी सगळं सांगितलं.

"मग उद्या जाऊन सांगा."

"अगं, वहीत खोटं लिहिलं म्हणून घरी बसवतील मला."

"गप्प राहिलात तर अकराही जण बसतील. त्यापेक्षा एकट्यानं बसलेलं बरं. मला भाजी निवडायला माणूस मिळेल."

सकाळी मामांनी कार्बनताईला गाठलं आणि एका दमात सांगून टाकलं. तिनं लॅपटॉप मिटला.

"रोज तीन घाणे, आणि प्रत्येकाला अर्धा तास जास्तीचा गॅस?"

"हो."

"आणि मी वरच्यांशी मीटर बदलून द्या म्हणून भांडतेय."

"माझ्या नावानं लिही, पोरी. बाकीच्यांचा दोष नाही, ती पोरं माझंच बघून शिकली."

"लिहीन. पण आधी एक घाणा खऱ्या तासात उतरवून दाखवा. चव बिघडली, तर तुमचे उस्ताद बरोबर."

त्या दिवशी फेस चढत असतानाच मामांनी घड्याळ लावलं. तासानं गॅस तोडला. उस्ताद मागं उभे राहून बघताहेत असं वाटत होतं.

तीन आठवड्यांनी तो घाणा फाटकासमोरच्या कंपनीच्या पबात गेला. पब चालवणाऱ्या वहिनींखेरीज कुणालाच काही माहीत नव्हतं. मामा आणि कार्बनताई कोपऱ्यात चहा घेऊन बसले. समोर निवृत्त पोस्टमन होता, पेल्याला साबणाचा वास आला तरी परत करणारा. त्यानं अर्धा पेला संपवला, उजेडात धरला, निरखून पाहिला. मामांनी कप खाली ठेवला.

"काय झालं हो?" वहिनींनी विचारलं.

"काय व्हायचंय?" पोस्टमन म्हणाला. "पेला लहान केलात की काय? लवकर संपतोय. अजून एक आणा."

"मामा," कार्बनताई हळूच म्हणाली, "श्वास घ्या आता."

त्यानंतर प्रत्येक घाणा खऱ्या तासात उतरू लागला. वर्ष सरता सरता आकडा रेषेखाली गेला, आणि एका सकाळी ताई कागद घेऊन हंड्यापाशी आली.

"हंडा इथंच राहतोय. अकराही जण."

"आणि माझ्या वहीचं?"

"लेखी समज दिलीय. इथं सही करा. आणि नव्या माणसांना वेळ तुम्हीच शिकवायची, असा हुकूम आहे. घड्याळाची."

मामांनी सही केली. कागद वाचलाही नाही. मग भिंतीला टेकून सावकाश खाली बसले. अडतीस वर्षांत कामाच्या वेळी ते कधी बसले नव्हते.

"काय होतंय, मामा? पाणी आणू?"

"नको गं," ते म्हणाले. "भूक लागलीय."