पुलावर हात कुणी दाखवायचा

कालव्यावरचा पूल इतका अरुंद, की एका वेळी एकच टेंपो जाईल. त्याच्या अलीकडच्या टोकाला पंक्चरवाल्या मावशींची टपरी होती. हवा भरायचा कंप्रेसर, पाण्याचे घमेले आणि दाराला टांगलेला जुना टायर, एवढाच संसार. धंदा मूळचा नवऱ्याचा. तो गेल्यावर चौथ्या आठवड्यात मावशींनी टपरीच्या फळ्या काढल्या आणि कामाला लागल्या. शिकवायला कुणी नव्हते. वीस वर्षे बघून बघून हात बसला होता.

गेली अकरा वर्षे पुलावरून आधी कुणी जायचे, हेही त्याच ठरवत. डब्याच्या झाकणाची एक तबकडी होती, एका अंगाला लाल, दुसऱ्या अंगाला हिरवी. लाल अंग दिसले की ट्रकवालासुद्धा मुकाट्याने ब्रेक दाबायचा. या कामाला पगार नव्हता की कुणाचा शिक्का नव्हता.

एका सोमवारी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे सर सायकल ढकलत आले. मावशी ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होत्या.

"मावशी, हा अधिकार तुम्हाला दिला कुणी हो?" सरांनी विचारले.

"का? काढून घ्यायला आलात की काय?"

"छे, छे! आज वर्गात तेच शिकवायचंय, राज्य मुळात आलं कुठून. कुणी म्हणतं, राजाला देवानंच नेमलं. कुणी म्हणतं, बळकट होता त्यानं बाकीच्यांना दाबलं. काहींच्या मते घरातला वडीलधारा आधी कुळाचा मुख्य झाला आणि मग राजा. आणि काही म्हणतात, लोकांनीच एकत्र बसून करार केला, की बाबा रे, आमची भांडणं मिटव, आम्ही तुझं ऐकू."

शेजारच्या चहावाल्याने लगेच तोंड घातले. "आमचा करारच झालाय, सर. सगळे बसलो होतो ना इथे!"

"तेव्हा तुझं दुकान तरी होतं का रे इथे?" मावशी म्हणाल्या.

"करार कसला डोंबलाचा!" चहा पीत असलेला टेंपोवाला हसला. "मावशींच्या हातातली ती टायर उचकटायची टॉमी बघा. कोण नाही म्हणेल?"

कंप्रेसरजवळ बसलेल्या मावशींच्या मुलाने मान वर केली. "एवढं काय त्यात? बाबांचं दुकान, म्हणून आमचा पूल."

सगळे हसले. मावशी हसल्या नाहीत. पुढच्या मंगळवारी त्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन होते. नंतर महिनाभर धुळीत यायला डॉक्टरांनी बंदी घातली होती आणि तबकडी मुलाच्या हाती जाणार, हे सगळ्यांनी परस्पर गृहीत धरले होते. गेल्याच पंधरवड्यात त्या जेवायला बसल्या असताना त्याने मित्रांचे तीन टेंपो रांग मोडून सोडले होते आणि सायकलवाले उन्हात तिष्ठत राहिले होते. जाब विचारला तर म्हणाला, "आपल्या माणसांना जरा सोडलं तर काय बिघडलं?"

मावशींनी ट्यूब पाण्यातून काढली आणि गालाजवळ धरली.

"सर, भोक अगदी बारीक असलं तर बुडबुडा दिसत नाही, असं कानानं शोधावं लागतं. अकरा वर्षांपूर्वी अशीच ट्यूब कानाशी धरली होती, तर पुलाच्या मधोमध दोन गाड्या समोरासमोर आल्या. मागं कुणी हटेना. सगळ्यांचे हॉर्न सुरू. मला काही ऐकूच येईना. म्हणून उठले आणि एकाला मागं घ्यायला लावलं. दुसऱ्या दिवशी परत तेच."

"आणि लोकांनी ऐकलं?"

"त्यांना गाडीतून उतरायचा कंटाळा होता."

सरांनी सायकल टपरीला टेकवली. मग म्हणाले, "आणि कुणीच विचारलं नाही, तुम्ही कोण म्हणून?"

"विचारलं ना. एकीनं."

बोलता बोलता मावशींचे ठरले होते.

शनिवारी त्यांनी पुलाजवळ बसणाऱ्या सगळ्यांना बोलावले आणि महिनाभर तबकडी कुणी घ्यायची ते विचारले.

"पोरगा आहे की तुमचा!" चहावाला म्हणाला. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

"तो नाही. भाजीवाली."

भाजीवाली हातगाडी घेऊन रोज पूल ओलांडायची आणि रोज भांडायची, तू कोण गं मला थांबवणारी, पुलाची मालकीण? आता ती फणकारली. "चारचौघांत माझी थट्टा करतेस?"

"अकरा वर्षांत मला कोण म्हणून विचारणारी तू एकटी. उद्या तुला कुणी विचारलं तर तू उत्तर देशील."

"देईन की! पण तुझ्या पोरालासुद्धा थांबवीन, सांगून ठेवते."

"म्हणून तर देतेय."

घरी मुलगा जेवला नाही. "लोकांसमोर नाक कापलंस माझं."

"तू वाईट नाहीस रे," मावशी म्हणाल्या. "पण तुला मित्र फार आहेत."

मंगळवारी साडेनऊला हॉस्पिटलात पोहोचायचे होते. मुलाने मोटरसायकल काढली आणि दोघे पुलापाशी आले, तर समोर लाल तबकडी. भाजीवालीचा हिशेब चुकला होता. दोन्हीकडून गाड्या आत घुसून मधोमध एक दुधाची गाडी आणि एक ट्रक नाकाला नाक लावून उभे होते. हॉर्नांनी कान किटले.

"मावशी, तुम्ही सांगा ना काहीतरी!" चहावाला ओरडला.

मावशींचा हात आपोआप वर गेला होता. त्यांनी तो खाली घेतला आणि मांडीखाली दाबून धरला.

"मी पेशंट आहे," त्या म्हणाल्या.

बावीस मिनिटे लागली. भाजीवालीने दूधवाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तेव्हा कुठे तो मागे सरला. मुलाने घाईने गाडी पुढे काढली, तशी भाजीवाली आडवी आली. पलीकडचे सायकलवाले आधीपासून उभे होते, पाळी त्यांची होती.

"अगं, ऑपरेशन आहे तिचं!" मुलगा म्हणाला.

भाजीवाली मावशींकडे बघत राहिली. तबकडीचे लाल अंग मात्र तिने तसेच समोर धरले होते.

"गाडी बंद कर," मावशी मुलाला म्हणाल्या.