फाटक नसलेलं फाटक

आमच्याकडे किस्से वाळूसारखे साठतात. सकाळी उंबरा झाडावा, संध्याकाळी पुन्हा आहेतच. मी फारशी बोलत नाही, म्हणून सगळे मलाच सांगतात.

लग्न होऊन मी इथे आले, तेव्हा नीलेशने माझ्या घरी ‘रेल्वे कॉलनी’ एवढंच सांगितलं होतं. तो रुळांच्या देखभालीचा इंजिनिअर. कॉलनी म्हणजे अमिरातीच्या वाळवंटात रुळालगत फॅमिली क्वार्टर्सची एक ओळ आणि पलीकडे कामगारांचा कॅम्प. आईने फोनवर विचारलं, “स्टेशन किती लांब?”

“स्टेशन नाही गं. इथून फक्त मालगाडी जाते.”

आई म्हणाली, “मग तुला कशातून नेलं त्यांनी?”

*

या जागेला ‘फाटक’ नाव कसं पडलं, तो किस्सा सर्जेरावांचा. साताऱ्याकडचे, ट्रॅक गँगचे मुकादम, इथले सगळ्यात जुने. लाइन टाकली जात होती तेव्हा वाळूतला कच्चा रस्ता रुळांवरून जायचा. सर्जेराव तिथे दोन पिंपांवर पाइप आडवा टाकून लाल झेंडा घेऊन उभे असायचे. घरून फोन आला की म्हणायचे, “फाटकावर आहे.”

पुढे रस्ता रुळांखालून नेला, पाइप भंगारात गेला. फाटक मात्र राहिलं. ऑफिसच्या लेखी आम्ही साइटचा एक नंबर. बाकी सगळ्यांच्या तोंडी फाटक.

शेजारच्या रुखसानाभाभी रत्नागिरीच्या. त्यांचा गॅस घेऊन येणारा ड्रायव्हर एकदा फोनवर वैतागला, “बाजी, इधर तो कोई फाटक नहीं है.”

“हां, वही. जिधर फाटक नहीं है, उधरच रुको.”

सिलिंडर आला!

*

मग ऑफिसातून निरोप आला. ही नुसती साइट आहे, वस्ती नाही. फॅमिली क्वार्टर्स बंद होणार. बायकामुलांनी शारजात राहायचं, नवऱ्यांनी कॅम्पात. भेट सुट्टीला.

मी माहेरून आणलेला मसाल्याचा डबा अजून अर्धाही झाला नव्हता.

“होईल काहीतरी, इन्शाल्ला,” नीलेश म्हणाला.

“भाभी इन्शाल्ला म्हणतात तेव्हा काम होतं. तू म्हणतोस तेव्हा विषय संपतो.”

त्याला हसू आलं. मला आलं नाही.

*

भाभी म्हणाल्या, “वस्तीला काय लागतं? दुकान आणि नाव. कॅम्पाच्या दारात मलबाऱ्याची ग्रोसरी आहे. नाव तू बघ.”

मी फोनवरच्या नकाशात रुळांशेजारी खूण केली आणि लिहिलं, ‘फाटक’. मग कॅम्पात निरोप धाडला: प्रत्येकाने या जागेबद्दल अभिप्राय लिहायचा. सर्जेरावांनी लिहिलं, “हवा मोकळी. उंट विचारून येत नाहीत.” स्टार पाच.

भाभींची मुलगी म्हणाली, “बट आंटी, देअर्स नथिंग हिअर.”

“तेच लिही,” भाभी म्हणाल्या, “पण स्टार पाच दे.”

*

पाहणीला दुबईहून मोठे साहेब आले, ठरल्यापेक्षा बऱ्याच उशिरा. आम्ही दोघी उन्हात उभ्याच होतो. साइटचा नंबर टाकून ड्रायव्हर भलतीकडे गेला होता. शेवटी हायवेवरच्या पंपावर कोणीतरी ‘फाटक’ म्हणालं, ते त्याने फोनात शोधलं आणि गाडी सरळ आमच्या दारात आली.

साहेब उतरले. “इज धिस फाटक?”

“येस, सर,” मी म्हणाले.

त्यांनी ग्रोसरी पाहिली, दोरीवरचे कपडे पाहिले, भाभींच्या हातचा चहा घेतला. मग विचारलं, “शारजाला जायला कोण कोण तयार आहे?”

“नोबडी, सर.”

त्या दिवशी मी एवढंच बोलले. क्वार्टर्स राहिली. डबा संपला, आईने दुसरा पाठवला.

*

परवा कंपनीने रस्त्याच्या कडेला पाटी लावली. वर अरबीत, खाली इंग्रजीत: ‘अल फाटक’.

पाटीपाशी ऑफिसातला एक तरुण साहेब पाहुण्यांना समजावत होता, “बहुत पुराना नाम है. रेल्वे का किसी ने सोचा भी नहीं था, तब ऊंटवाले लोग रख गए.”

सर्जेराव शेजारीच पाना पुसत बसले होते. त्यांनी आदराने मान डोलावली.

“हां साब. मैं तब इधरच था.”