होनासला बोटीत जागा नव्हती

होनासचं नाव त्याच्या बापानं ठेवलं. पोर जन्मलं त्याच दिवशी होडी उलटूनही बाप जिवंत किनाऱ्याला लागला होता. माशाच्या पोटातून सुखरूप बाहेर आलेला बायबलातला योना त्याला आठवला, आणि आपल्या स्पॅनिश भाषेत त्यानं मुलाला होनास म्हटलं. पाद्रीबाबांनी सांगितलं, नावाचा मूळ अर्थ कबुतर. मुलगा शांत निघेल. तो शांतच निघाला.

गावच्या कोळ्यांना मात्र गोष्टीतला दुसराच भाग लक्षात होता. योना देवाची आज्ञा मोडून जहाजात बसला म्हणून वादळ उठलं, आणि त्याला पाण्यात टाकल्यावरच समुद्र निवला. होनास ऐन तिशीत असताना तो कामाला होता त्या बोटीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. पुढच्या मोसमात तो दुसऱ्या बोटीवर गेला, तिचं जाळं वाहून गेलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. बोट पाण्यात ढकलायला त्याचे हात चालायचे. ती तरंगली की त्याला जागा नसायची. त्यात शाळेतल्या बाई सहज बोलून गेल्या, की दर्यावर्द्यांच्या कितीतरी कथांमध्ये अपशकुनी खलाशाला याच नावानं ओळखतात. गावाला तेवढं पुरलं.

होनास नको, मला साधं होसे म्हणा, असं तो सांगत फिरला. लोक होसे म्हणत आणि हसत. शेवटी तो वाळूवर बसून दुसऱ्यांची जाळी सांधू लागला. आउरिस्तेला नावाची त्याची बायको हिरव्या केळ्यांचे काप तळून विकायची, त्यावर घर चालायचं.

धाकटा भाऊ विल्तेर मात्र दोन बोटींचे मालक एलेउतेरियो यांच्याकडे कामाला होता; गाव त्यांना मानानं डॉन म्हणायचं. एका सकाळी तो एकटाच घेऊन गेलेली बोट परतलीच नाही. दुपारी शोधायला बोटी निघाल्या. होनास कमरेइतक्या पाण्यात शिरला आणि त्यानं एलेउतेरियोंच्या बोटीची कड धरली.

"माझा भाऊ आहे तिकडं, डॉन एलेउतेरियो."

"म्हणून तर सांगतो, हात काढ. आज तरी नको."

त्यानं हात काढला.

बोटी परतल्या तेव्हा एक फुटकी फळी आणि डिझेलचा रिकामा कॅन मिळाला होता. विल्तेर मिळाला नाही. रिवाजाप्रमाणे नऊ दिवस त्याच्या नावानं प्रार्थना झाल्या, शेजारणींनी कॉफी केली.

मग एलेउतेरियो घरी आले. टोपी मांडीवर ठेवून बसले.

"तू तर किनाऱ्यावरच होतास," ते म्हणाले. "तरी बोट बुडाली. उद्यापासून ये, जागा आहे."

"ती विल्तेरची जागा," आउरिस्तेला चुलीजवळून म्हणाली.

एलेउतेरियोंनी मान खाली घातली. नाही म्हणावं असं होनासला फार वाटलं, पण घरात काय शिल्लक आहे ते त्याला ठाऊक होतं. किती वाजता निघायचं, एवढंच त्यानं विचारलं.

पहाटे तो एलेउतेरियोंच्या उरलेल्या बोटीवर गेला. पुढच्या टोकाला, नाळेजवळ, विल्तेर या बोटीवर असला की बसायचा तिथंच त्याला बसवलं. फळी सापडली होती त्या जागी इंजिन मंदावलं, सगळे त्याच्याकडे बघू लागले. त्यानं काही बोलावं अशी त्यांची अपेक्षा असावी. प्रार्थना, नाहीतर शिवी. त्याला दोन्ही आठवेनात. तो पाण्याकडे बघत राहिला, आणि कुणीतरी जाळ्याचं टोक हातात दिलं तेव्हा जाळं पाण्यात सोडू लागला.