खुन्याची साक्ष

वर्णन पुढीलप्रमाणे. श्री. आशावान गणोजी पारधे, वय पन्नासच्या आसपास, राहणार धार. हुद्दा : प्रोप्रायटर व मुख्य कार्यकारी अधिकारी, 'पारधे फिल्म लोकेशन सर्व्हिसेस (अखिल मालवा)'. धर्म ख्रिस्ती, मातृभाषा मराठी, व्यवहाराची भाषा हिंदी, भांडणाची माळवी. ओळखीची खूण : गळ्यात वॉकीटॉकी, तिच्यात बॅटरी असेलच असे नाही.

साध्या भाषेत सांगायचं तर मुंबईहून सिनेमावाले मांडूला शूटिंगला आले, की घोडे, गर्दी, जनरेटर आणि पोलिसांची परवानगी आशावान आणून देतो. त्याचे आजोबा नगरकडून मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर म्हणून इकडे आले. नातवाने औषधांऐवजी घोडे पुरवायला घेतले, एवढीच घराण्याची प्रगती.

या धंद्यात राहून धर्म सांभाळणं त्याला फारसं जड गेलं नाही. मुहूर्ताचा नारळ धरायला हरकत नाही, फोडायचा मात्र दुसऱ्याने, असा एक सिद्धांत त्याने स्वतःपुरता काढला होता. शूटिंगच्या दिवशी सकाळी तो व्हॅनिटी व्हॅनच्या मागे डोळे मिटून प्रार्थना करी. युनिट त्याला भिया, म्हणजे भैया, म्हणे. युनिटचा समज, भियाची झोप अपुरी झाली आहे.

एक गोष्ट मात्र त्याने कधी केली नव्हती. आपलं चर्च शूटिंगला दिलं नव्हतं. हिंदी पडद्यावर पाद्री दोनच कामांसाठी येतो : लग्न लावायला आणि गोळी खायला. मधल्या वेळात तो पितो. धारची मंडळी, म्हणजे त्या चर्चची सभासद माणसं, हे लहानपणापासून बघत आली होती आणि त्यावर तिचं ठाम मत होतं.

गेल्या हिवाळ्यात ईशानी पवार आली. मूळची देवासची, घराणं जुन्या दरबारातलं, आता मुंबईत वेबसिरीजची दिग्दर्शक. तिचं मराठी पहिल्या वाक्यात नीट असे, दुसऱ्यात हिंदीला जाऊन मिळे. इंदूरला ठरलेलं चर्च ऐन वेळी हातचं गेलं होतं.

"आशाभिया, एकच सीन आहे. हीरो येतो, प्रार्थना करतो, बस. मना मत करो ना."

आशावान विरघळला. रविवारी उपासना संपल्यावर त्याने मंडळीपुढे विषय काढला. सगळ्यांनी सावित्रीबाईंकडे पाहिलं. सावित्रीबाई निवृत्त नर्स, ऐंशीच्या पुढच्या. पेटी त्याच वाजवतात, त्यामुळे चर्चमध्ये केव्हा काय सुरू होणार आणि केव्हा थांबणार, हे त्यांच्या हातात असतं. पाळकसाहेब, म्हणजे इथले पाद्री, देवासहून येऊन जाऊन असतात, सावित्रीबाई कायमच्या.

"आपल्यात जे होत नाही ते त्यात दाखवणार नाहीत ना, आशा?"

"नाही मावशी. माझा शब्द."

"प्रभूच्या घरात दिलायस हं."

"हो मावशी."

शूटिंगच्या सकाळी ट्रकमधून पहिल्यांदा काय उतरलं, तर कन्फेशन बॉक्स. पाठोपाठ फायबरची मरियम, मेणबत्त्यांच्या पेट्या आणि पायघोळ झग्यातला एक नट. त्याच्या खिशातून बाटलीचं तोंड दिसत होतं. कलादिग्दर्शक मयुरेशने आत डोकावून पाहिलं. पांढऱ्या भिंती, त्यावर बायबलमधलं एक मराठी वचन, खाली सतरंज्या, कोपऱ्यात पेटी-तबला.

"भिया, चर्च कुठंय?"

"हेच."

"ही तर बालवाडी वाटते."

"हे काय आणलंय पण? आमच्यात हा बॉक्स नसतो, तो कॅथलिकांकडे."

"चर्चमध्ये बॉक्स नसतो?" मयुरेशने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "मी आठ चर्च केलीत, भिया. आठही फिल्म सिटीत."

मग खरा सीन कळला. अमन हा हीरो. त्याने खून केला आहे. तो बॉक्समध्ये गुडघे टेकून पाद्रीला सगळं सांगतो. पाद्री एक घोट घेतो आणि इन्स्पेक्टरला फोन लावतो. आत सतरंजीवर खुद्द मंडळी गर्दी म्हणून बसणार होती. चर्चमध्ये कसं बसतात हे गर्दीला शिकवायला नको, म्हणून ही युक्ती त्यानेच सुचवली होती. म्हणजे त्याचा शब्द मोडणार तो सावित्रीबाईंच्या डोळ्यांदेखत, आणि पुढच्या रविवारी त्याला तिथेच जाऊन बसायचं होतं.

तो ईशानीकडे गेला. तिच्यासमोर पोचेपर्यंत त्याच्या तोंडचं वाक्य बदललं.

"मॅडम, चहा पाठवू?"

"भेजो. और वो बॉक्स का पॉलिश देखो, अजून ओलं आहे."

त्याने व्हॅनमागे जाऊन प्रार्थना केली : प्रभू, जनरेटर बंद पाड. हा जनरेटर त्याला वर्षानुवर्षं दगा देत आला होता. त्या दिवशी तो पहिल्या झटक्याला सुरू झाला आणि घड्याळासारखा चालू राहिला.

चर्चमध्ये चपला-बूट चालत नाहीत. एवढा नियम मात्र आशावानने युनिटला बजावला आणि जोडे राखण्याचं काम स्वतःकडे घेऊन दाराबाहेर स्टुलावर बसला. आत जे होईल ते निदान बघायला नको. शेजारी उन्हात कन्फेशन बॉक्स वाळत होता. मंडळी आत गेली. सावित्रीबाई जाताना बॉक्सपाशी थांबल्या.

"हे काय रे? कपडे बदलायची खोली?"

"तसंच काहीतरी, मावशी."

आतून ईशानीचा आवाज आला, "बॉक्स सुकेपर्यंत अमनची रिहर्सल घेऊ. अमन, तू यहीं लोगों के बीच में खडा हो जा, और बोल."

अमन बोलू लागला. आवाज चांगला होता, संवाद लांब होता. बाप, दारू, भावाने केलेला दगा, पावसाळी रात्र. बाहेर आशावान खाली मान घालून एका बुटाची नाडी बांधत आणि सोडत होता. अमन खुनाच्या उंबऱ्यापर्यंत आला, "आणि मग मी तो दगड..." आणि पेटी वाजली. पाठोपाठ तबला. मग सगळी मंडळी एका सुरात गाऊ लागली.

आशावानने डोळे मिटले. संपलं. मावशींनी शूटिंग उधळलं.

गाणं तिन्ही कडव्यांनिशी पार पडलं. मग ईशानी ओरडली, "मयुरेश! बॉक्स नको. मरियमही नको. सगळं परत ट्रकमध्ये टाक!"

दुपारी सावित्रीबाई चपला शोधत बाहेर आल्या. आशावान उठून उभा राहिला.

"मावशी, आत काय झालं?"

"काय होणार? पोरगं साक्ष द्यायला उठलं."

दर रविवारी तिथे तेच होतं. ज्याला वाटेल तो मंडळीत उभा राहतो आणि प्रभूने आपल्याला कशातून वाचवलं ते सगळ्यांसमोर सांगतो. काही जण आवरतं घेत नाहीत. बटाट्याच्या पिकावरून सुरू झालेली साक्ष मेहुण्याच्या खटल्यापर्यंत जाते. मग सावित्रीबाई पेटीवर गीत धरतात आणि बोलणारा खाली बसतो. आजवर यावर कुणी हरकत घेतलेली नाही.

"लांबण लावलं रे त्याने. मग मी गीत धरलं. बसला बिचारा."

"आणि ईशानीताई?"

"ती म्हणाली, आजी, अस्संच परत करा. तीन वेळा केलं. तिसऱ्या खेपेला जरा मनापासून बोलला."

एवढ्यात ईशानी अनवाणीच बाहेर आली. तिचे डोळे चमकत होते. "भिया, तो कबूल करायला जातो आणि सगळे गाऊ लागतात! पुढचे चार एपिसोड तो पकडलाच जात नाही. माझ्या रायटरला तीन महिने नाही सुचलं. पहिले क्यों नहीं बताया, तुमच्यात असं असतं म्हणून?"

"तुम्ही विचारलं नाहीत, मॅडम," आशावान म्हणाला. हे खरं होतं. आणि सकाळपासून त्याच्या तोंडून निघालेलं हे पहिलंच धड वाक्य होतं.

"आणि तो झगेवाला?" त्याने सावित्रीबाईंना हळूच विचारलं.

"त्याला काम उरलं नाही. चहा दिला."

"म्हणजे मावशी, आपल्यात होत नाही असं काही..."

"खून होत नाही," सावित्रीबाई चप्पल पायात सरकवत म्हणाल्या. "बाकी सगळं आपलंच."

आशावान स्टुलावर बसला तो बराच वेळ उठलाच नाही. नुसता हसत होता. मयुरेशने विचारलं, भिया, तब्येत ठीक ना? तो म्हणाला, इतकी चांगली बऱ्याच दिवसांत नव्हती. पुढे रविवारी त्याने साक्षही दिली. जनरेटर बंद न पाडल्याबद्दल प्रभूचे आभार मानले. कुणाला काही कळलं नाही, पण त्याने आवरतं घेतल्यामुळे सगळे खूश होते.

शूटिंगच्या दिवशी संध्याकाळी ट्रक निघून गेल्यावर पारधे फिल्म लोकेशन सर्व्हिसेस (अखिल मालवा) च्या संपूर्ण कर्मचारीवर्गाने सतरंज्या झटकल्या आणि चर्च झाडून काढलं. कर्मचारी एकच आहे.