गुरुवार एक दिवस पुढे ढकलला

गेल्या चैत्रात मी आमच्या घरातला गुरुवार उचलून शुक्रवारी नेऊन ठेवला. एकट्याने, ओसरीवर बसून, नुसत्या अंगठ्याने.

मुद्दाम नाही हो केलं. (हे वाक्य मी सुलभाला, म्हणजे माझ्या बायकोला, इतक्या वेळा ऐकवलंय की आता मी "मुद्दाम" म्हटलं की पुढचं तीच पुरं करते.) पण सुरुवात माझ्यापासून झाली नव्हती, हे मात्र मी आधीच सांगून ठेवतो. सुरुवात केली केतकीने, आमच्या मुलीने.

केतकी बी.एड. झाली त्याला दोन वर्षं झाली. तीन ठिकाणी मुलाखती दिल्या, तिन्हीकडून "कळवतो" असं उत्तर आलं आणि कुणीही कळवलं नाही. आता तलासरीच्या एका शाळेत गणिताच्या बाईंची जागा निघाली होती. घरून येऊन-जाऊन करता येईल अशी तेवढी एकच. ती हुकली तर पोरगी वसईकडे कुठेतरी खोली घेऊन राहणार, हे नक्की होतं. सुलभा त्या विचाराने रोज अर्धी पोळी कमी खात होती. मीही घाबरलो होतो, फक्त मी ते जेवणावर काढलं नाही.

तर केतकी घरात अभ्यास करत होती, सकाळी पोरांच्या शिकवण्या घेत होती, वर आईला स्वयंपाकात हात. वेळ पुरेना. मग तिने फोनवर वेळेचं नियोजन करणारी दोन-तीन अ‍ॅप शोधून काढली. सगळी फुकट! फुकट म्हटल्यावर मी वर्तमानपत्रातून डोकं काढून बघितलं आणि म्हटलं, आम्हालाही दे.

तिने दिली. एका अ‍ॅपमध्ये पंचवीस मिनिटं काम करायचं, मग घंटा वाजते, मग पाच मिनिटं विश्रांती. दुसरं म्हणजे कॅलेंडर. एकच खातं उघडून तिने ते तिघांच्याही फोनमध्ये बसवलं, म्हणजे कुणाला कुठे जायचंय ते सगळ्यांना दिसेल. भिंतीवरचं कॅलेंडर तिने उतरवून माळ्यावर टाकलं. "आता लक्षात ठेवायचं काम फोनचं," असं म्हणाली. मला हे वाक्य फार आवडलं. लक्षात ठेवण्यात मी आधीपासूनच कच्चा आहे.

कोसबाडच्या डोंगराच्या पायथ्याला आमची चिकूची वाडी आहे. मी दुसऱ्याच दिवशी पंचवीस मिनिटांची घंटा वाडीत नेली. तोडणीला चार बायका येतात, त्यांची मुकादमीण जानीबाई. गेली वीस वर्षं ती आमच्याकडे आहे आणि वाडीतल्या प्रत्येक झाडाचा स्वभाव तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी तिला नवी पद्धत समजावली. घंटा वाजली की थांबायचं. जानीबाई तेव्हा शिडीवर होती, जाळीची काठी फांदीत अडकवून. घंटा वाजली. मी ओरडलो, विश्रांती! ती वरूनच म्हणाली, "शेठ, पाच मिनिटात मी खाली उतरणार कधी आन परत चढणार कधी?"

यावर अ‍ॅपमध्ये काही उत्तर नव्हतं. मग मी एकटाच दर पंचवीस मिनिटांनी विश्रांती घेऊ लागलो. (काम मी मुळात करत नव्हतो, हे सुलभाने नंतर लक्षात आणून दिलं.)

आता मुख्य प्रकार. सोमवारी संध्याकाळी जानीबाई सांगायला आली, की उद्या आम्ही कुणी येणार नाही, विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला जायचंय. मी हो म्हटलं. जत्रेला नाही म्हणण्याइतका मी मूर्ख नाही.

वाडीत आमचा एक नियम आहे, माझ्या वडिलांपासूनचा. एक दिवस खाडा पडला की सगळं काम एकेक दिवस पुढे. मंगळवारची तोडणी बुधवारी, बुधवारचं पाणी गुरुवारी, गुरुवारची फवारणी शुक्रवारी. मधलं काही गाळायचं नाही, उलटसुलट करायचं नाही. इतकं सोपं आहे. मग मला वाटलं, फोनला तरी कुठे माहीत आहे की उद्या खाडा आहे?

मी कॅलेंडर उघडलं. कामाचे रंगीत चौकोन दिसत होते. चौकोन बोटाने दाबून धरायचा, ओढायचा आणि पुढच्या दिवसात सोडायचा. पहिला जरा निसटला, नंतर हात बसला. मी चष्मा न लावता अख्खा आठवडा एकेक दिवस पुढे सरकवला. एकही चौकोन सोडला नाही. एका ठिकाणी फोनने विचारलं, फक्त हाच बदलायचा की यापुढचे सगळे? मी म्हटलं, सगळे. काम अर्धवट ठेवायची मला सवय नाही.

मंगळवारी दुपारी वाडीच्या फाटकाशी हॉर्न. चिकू न्यायला टेंपो घेऊन दिनेशभाई हजर. मी म्हटलं, आज कसा आलास, तुला तर बुधवारी टाकलाय. तो म्हणाला, "कुठे टाकलाय शेठ? मी तर दर मंगळवारे येतो ने." मी त्याला फोन दाखवला. त्याने तो लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला आणि परत दिला. बुधवारी त्याला दुसरं भाडं होतं, म्हणून गुरुवारी सकाळी येतो सांगून गेला.

बुधवारी आम्ही तोडणी केली आणि तीस क्रेट ओसरीत रचून ठेवले. त्याच दिवशी सुलभाला डहाणू रोडला दातांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. ती म्हणाली, मला मंगळवार आठवतोय. मी म्हटलं, फोन बघ, बुधवार आहे. तिने बघितलं, बुधवारच होता. दाढ धरून बिचारी रिक्षाने स्टेशनपाशी गेली, तर दवाखान्याला कुलूप. बुधवारी ते बंदच असतात. तासभर पायरीवर बसून परत आली आणि रात्री मला न आवडणारी दुधीची भाजी केली. मी म्हटलं, ऊन लागलं असेल.

केतकीलाही जरा गोंधळल्यासारखं झालं होतं. शाळेतून मागच्या आठवड्यात फोन आला होता, तेव्हा ती शिकवणी घेत होती. ऐकता ऐकताच तिने मुलाखत थेट कॅलेंडरमध्ये टाकली होती, कागदावर कुठेच नाही. सुलभा म्हणाली, अगं तू गुरुवार म्हणाली होतीस. केतकीने फोन पुढे केला. "आई, शुक्रवार आहे. तोंडी ऐकलेलं चुकतं, म्हणून तर लिहून ठेवते." मी पण मान डोलावली. पोरगी शहाणी आहे हो माझी, असंही म्हणालो.

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला माझा फोन वाजला आणि त्यावर फुगे उडाले. सुलभाचा वाढदिवस! मी पोहे खाता खाता उठलो, तिच्यासमोर गेलो आणि अगदी मनापासून शुभेच्छा दिल्या.

"आज?" ती म्हणाली.

"हो. फोनमध्ये आहे."

ती माझ्याकडे बघत राहिली. लग्नाला सव्वीस वर्षं झाली आमच्या. हे बघणं मला माहीत आहे, पण कशाबद्दल आहे ते मात्र तेव्हा काही केल्या कळेना. केतकीच्या हातातला चमचा थांबला. "आई, तुझा वाढदिवस काल नव्हता का?"

एवढ्यात जानीबाई आली, नेहमीपेक्षा तासभर उशिरा. मी तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं, की नातीचा गणवेश धुवून वाळवायचा होता. तिची नात तलासरीला त्याच शाळेत सातवीत आहे. "आज नव्या बाई ठरायच्या हायत. एकेक बाई येऊन वर्गात शिकवून दाखवनार, म्हून पोरांना नीट यायला सांगलाय." मग तिने केतकीकडे बघितलं. केतकी घरच्या गाउनमध्ये, केसांना तेल. "ताई, तुमी गेल्या नाय?"

केतकीने शाळेला फोन लावला. पलीकडच्या माणसाने सांगितलं की हो, आजच, साडेदहाला, आणि तुम्ही यादीत शेवटच्या आहात. तिने फोन ठेवला तेव्हा तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग तिने कॅलेंडर उघडलं. शुक्रवार. बुधवारी दात. त्याच्याशेजारी तोडणी, पाणी, फवारणी, गॅसचा सिलिंडर, वाढदिवस. सगळं कसं ओळीत, नीट, एकेक दिवस पुढे.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही काय केलंत?"

मी म्हटलं, "मी फक्त खाडा धरला."

खरं सांगतो, त्या क्षणी मला वाडीतल्या विहिरीत उतरून बसावंसं वाटलं. दोन वर्षं पोरगी वाट बघत होती त्या जागेची, आणि मी ती चष्मा न लावता सरकवली होती. पण रडायलाही वेळ नव्हता. सव्वानऊ झाले होते, तलासरी चांगली पाऊण तासावर, आणि माझी मोटरसायकल दुरुस्तीला गेलेली. (ती बुधवारी आणायची होती. म्हणजे फोनमध्ये गुरुवारी.)

आणि फाटकाशी हॉर्न वाजला. दिनेशभाई! मी चुकवलेल्या त्या टेंपोला मी इतक्या प्रेमाने कधीच हाक मारली नव्हती. निम्मे क्रेट चढवून होईपर्यंत केतकी साडी नेसून आली. पाठासाठी कागदाचे तक्ते ती गुरुवारी दिवसभर बसून करणार होती, म्हणजे तक्ते शून्य. सुलभाने तिच्या पिशवीत प्रमाणपत्रांची फाइल, पाण्याची बाटली आणि देवीचा अंगारा कोंबला. जानीबाईने काही न विचारता एक क्रेट टेंपोच्या पुढच्या सीटवर ठेवला. निवडलेले, पिकायला आलेले. "वर्गात काय तरी हातात पायजे," म्हणाली.

मी मागे क्रेटवर बसून गेलो. जत्रेला निघालेल्या गाड्या समोरून येत होत्या आणि त्यातली माणसं मला हात करत होती. दहा पंचवीसला आम्ही शाळेच्या दारात. केतकी उतरली, क्रेटमधले डझनभर चिकू पदरात घेतले आणि मागे न बघता आत गेली. मी बाहेर खांबासारखा उभा राहिलो.

तिने सातवीला अपूर्णांक शिकवले. अर्धा चिकू, पाव चिकू, पाव अधिक पाव. शेवटी सगळे अपूर्णांक वर्गाने खाऊन टाकले. हे मला जानीबाईच्या नातीकडून कळलं, कारण केतकी त्या दिवशी माझ्याशी बोलत नव्हती. पुढच्या आठवड्यात शाळेचा फोन आला आणि ती बोलायला लागली. जागा मिळाली. सुलभा रडली, मी रडलो, आणि मग मी एवढंच सुचवलं, की मी काही सरकवलं नसतं तर तिने तक्तेच नेले असते, चिकू नव्हे. दोघींनीही हे ऐकलं नाही असं दाखवलं.

रुजू व्हायची तारीख केतकीने कॅलेंडरमध्ये टाकली, भिंतीवरचं कॅलेंडर माळ्यावरून काढून त्यावर लिहिली, आणि वर जानीबाईलाही सांगून ठेवली. सुलभाचा वाढदिवस अजून फोनमध्ये एक दिवस उशिराच येतो, पुढच्या सगळ्या वर्षांचा. तो परत कसा आणायचा हे कुणालाच सापडलेलं नाही.

आणि माझ्या फोनमध्ये केतकीने एक बदल केला. आता मला त्यात सगळं दिसतं, पण कशालाही हात लावता येत नाही. सुलभाला हे इतकं पटलं की ती म्हणाली, ही सोय फुकट होती तर सव्वीस वर्षांपूर्वी कुणी का नाही सांगितली.