छत्तीस नंबरवरचं फाटक

माझा स्वभाव मुळातच उतावळा. दूध तापत ठेवलं तरी मी गॅससमोर येरझाऱ्या घालते. त्यात सासऱ्यांना विसरायला व्हायला लागलं आणि जिवाला जो घोर लागला, तो काही केल्या जाईना.

सासऱ्यांना आम्ही नाना म्हणायचो. अर्धं आयुष्य नाशकात गेलं होतं त्यांचं, पण दोन हजार सालानंतर विसर वाढला आणि नेमकं तेवढंच पुसलं गेलं. जेवणं झाली की नाना इस्त्रीचा शर्ट घालायचे, पिशवी उचलायचे. कुठे निघालात विचारलं की अहिराणीत म्हणायचे, "मी घर जाई ऱ्हायनू." घर म्हणजे त्यांचं गाव, सटाणा. "आपलं घर हाईच शे ना!" सासूबाई ओरडायच्या, पण पटतंय कुणाला! एकदा तर ते थेट सीबीएस स्टँडवर पोचले आणि सटाण्याच्या गाडीत खिडकीशी जाऊन बसले. तिकिटाचे पैसे मागितल्यावर गोंधळले, कंडक्टरला शंका आली, म्हणून सापडले. नाहीतर कुठे शोधणार होतो आम्ही? फाटकाला कुलूप लावून पाहिलं, तर ते गज धरून रडायला लागले, "मला कोंडलं." ते बघवेना. कुलूप त्याच दिवशी काढलं.

मी आणि आमचे हे दोघंही नोकरीला. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्या दिवसभर मागच्या खोलीत टीव्हीसमोर. नाना फाटकाबाहेर कधी पडले ते त्यांना कळणार कसं?

"वहिनी, कॅमेरा बसवून टाकू," दीर म्हणाले. आमचे दीर म्हणजे उंटावरचे शहाणे. कॅमेऱ्यासाठी वेगळी वायर लागते एवढं मलाही ठाऊक होतं. पण ते म्हणाले, "कशाला? टीव्हीची केबल फाटकावरूनच आत येते की! त्यातच जोडू." भिंतींना नुकताच रंग दिलेला, भोकं पाडायला माझाही जीव होत नव्हता. त्यांनी कसलीशी डबी जोडली आणि टीव्हीवर छत्तीस नंबरला आमचं फाटक दिसायला लागलं. चित्रात मुंग्याच फार, पण नाना कडीला हात लावताना दिसायचे. सासूबाई बसल्या जागेवरून हाक मारायच्या, नाना मुकाट्याने परत यायचे. मला जरा झोप लागायला लागली.

आणि मग एके दिवशी भाजीच्या गाडीपाशी मागच्या गल्लीतल्या वहिनी म्हणाल्या, "काल रिक्षावाल्याशी काय भांडलात हो!"

"तुम्ही कुठे होतात?"

"घरीच. छत्तीस नंबरवर दिसतं ना तुमचं फाटक. आवाज येत नाही, नाहीतर काय मजा आली असती!"

कपाळ माझं! दीरांच्या कॅमेऱ्याचं चित्र त्याच वायरीतून उलटं खांबावरच्या केबलवाल्याच्या डबीपर्यंत गेलं होतं, आणि तिथून ज्यांच्या ज्यांच्या घरी केबल जाते त्या सगळ्यांकडे. मी गाऊनवर दूध घ्यायला जाते, ओले केस झटकते, नानांवर खेकसते, सगळं सगळं गल्लीभर! मला लाजही वाटली आणि संतापही आला.

"दुसऱ्याच्या दारात डोकावताना काही वाटत नाही का?" मी म्हणाले.

"आम्ही कुठे डोकावतो? तुमचं फाटकच आमच्या घरात आलंय," त्या म्हणाल्या आणि मेथीची जुडी घेऊन निघून गेल्या.

दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी मेन रोडला गेले. कॅमेऱ्याची स्वतंत्र केबल आणायची आणि हा तमाशा बंद करायचा. दुकानदाराने दोन रिळं पुढे ठेवली. बाहेरून दोन्ही काळी, सारखीच. मी दोन्ही सोलून मागितल्या. एकीची आतली जाळी पांढरी, विरळ. दुसरीची तांब्याची, दाट. तार मात्र दोन्हींची तांबडीच. मी पर्समधून घरून आणलेलं लोहचुंबक काढलं. पहिलीची तार टचकन चिकटली! आत लोखंड, वरून तांब्याचा नुसता मुलामा. दुसरी काही चिकटली नाही.

"ताई, केबल घेताय की मंगळसूत्र?" दुकानदार हसला.

"आमचा म्हातारा हरवेल हो," मी म्हणाले. आवाज चढलाच माझा. तो हसायचा थांबला आणि तांब्याची केबल मोजायला लागला.

मी भर दुपारी घरी आले, तर फाटक सताड उघडं. आत धावले. टीव्हीवर छत्तीस नंबर चालू, आणि समोर सासूबाई खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेल्या. नाना खोलीत नाहीत, मोरीत नाहीत, गच्चीवर नाहीत. केबलचं वेटोळं तिथेच टाकून मी बाहेर पळाले. फाटकाशी उभी राहिले आणि कळेचना, डावीकडे जाऊ की उजवीकडे? मी तिथेच ढसाढसा रडायला लागले.

पर्समधला मोबाईल वाजला. मागच्या गल्लीतल्या वहिनी.

"अहो, रडू नका! आजोबा इथेच आहेत, चहा पितायत. ते कडी काढताना दिसले तशी मी धावले, कोपऱ्यावर गाठलं त्यांना. तुमच्या घरी फोन लावला, कुणी उचलेना. इतक्यात तुम्हीच दिसलात टीव्हीवर. या सावकाश. आणि आधी चप्पल घाला, रस्ता तापलाय."

मी खाली पाहिलं. मी अनवाणी होते.

रविवारी दीर ड्रिल घेऊन आले. "केबल एक नंबर आणलीत, वहिनी. आता फक्त आपल्यालाच दिसेल."

"नको," मी म्हणाले. "आहे ते राहू द्या."

"अहो, पण सगळी गल्ली बघतेय!"

मी पदर खोचला आणि घरोघर निघाले. ज्यांना छत्तीस नंबर सापडला नव्हता, त्यांच्या टीव्हीवर मीच तो लावून दिला आणि प्रत्येकीला हात जोडून म्हणाले, "जाता-येता जरा बघत जा हो."