अर्धी पिळलेली तार

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते तारेला पीळ द्यायचं. ती परसात मोरीच्या कडेला उभी, मी गोठ्याच्या दाराशी. तिच्या हातात पकड, पकडीत तारेची दोन टोकं, एक लाल आणि एक काळं. माझ्याकडची दोन टोकं हातानं फिरवायच्या जुन्या ड्रिलमध्ये अडकवलेली. मी दांडा फिरवायचा, तिनं नुसतं धरून ठेवायचं. पण नुसतं धरणं सोपं नसतं. पीळ बसत जातो तशी तार आखडते. मग पलीकडच्या माणसानं ताण न सोडता हळूहळू पुढं सरकावं लागतं. ओढून धरलं तर तार आत तुटते, ढिली सोडली तर गाठी पडतात.

"अवो, मला कशाला उभं केलंया? त्या खांबाला बांधा की टोक," ती म्हणाली.

"खांब पुढं येतो व्हय?"

"न्हाई येत. पर खांब च्या प्यायला तर मागत न्हाई. मी मागनार हाय."

ही तार तिच्यासाठीच होती. आमचा रेडिओ पुढच्या ओटीवर आणि तिचा निम्मा दिवस मागं मोरीपाशी. मी उभ्या मुलुखात लग्नाकार्याला भोंगे लावत फिरलो. ती म्हणायची, "साऱ्या गावाचं कान भरलं, माझ्या मोरीपातूर काय एक तार आली न्हाई." म्हणून मोरीवर स्पीकरचा एक छोटा बॉक्स टांगायचं ठरलं. ओटीपासून मोरीपर्यंत अंतर बरंच. इतक्या लांब आवाज न्यायचा तर तार तांब्याची पाहिजे आणि जाडही पाहिजे. बारीक तारेत आवाज वाटेतच मरतो.

आधी पिरंगुटातून एक बंडल आणलं होतं. वर छापलेलं, शुद्ध तांबं. हिनं ते हातावर तोललं आणि तोंड वाकडं केलं. "हलकं हाय वो." ब्लेडनं खरवडलं तर वर तांबूस आणि आत पांढरं. जर्मन निघालं. आमच्याकडं ॲल्युमिनियमच्या भांड्यांना जर्मनच म्हणतात. तांब्याचा मुलामा दिलेलं जर्मन. असली तार सांध्यावर तापते, आवाज पडका होतो, दोन वेळा वाकवली की मोडते. मी बंडल कोपऱ्यात फेकलं. सरळ जर्मन म्हणून विका की. मीच घेईन एखादे वेळी, किरकोळ कामाला. पण नाही, वरून रंग लावायचाच.

कासार आंबोलीच्या बंगल्यावर शनिवार-रविवार येणारे एक साहेब होते. माणूस भला, पण गाण्याच्या नादानं पार वाया गेलेला. त्यांच्यासाठी मी तारा बनवून द्यायचो. एकदा म्हणाले, चांदीची तार घेऊन बनवता येईल का, आवाज जास्त मोकळा येतो म्हणतात. मी म्हणालो, येईल. चांदी तांब्याहून सरस, पण एका खोलीतल्या अंतराला तो फरक तुमच्या माझ्या कानाला कळायचा नाही. ते चहा पिऊन गेल्यावर ही म्हणाली, "चांदीची तार? मग त्या भोंग्याला जोडवीबी घाला, अन् पाळण्यात घालून नाव ठिवा." दोन दिवस हसत होती.

तर शेवटी मी एका बंद पडलेल्या हॉटेलातली जुनी, खरी तांब्याची तार मिळवली. ती हातात घेऊन हिनं मान डोलावली. तीच आम्ही पिळत होतो. निम्मी झाली तेव्हा ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. भात टाकायचाय. उरल्यालं सकाळी." पीळ उलटा फिरू नये म्हणून तिनं जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाची चिंधी तिथं घट्ट बांधली. मग उंदरांनी कुरतडू नये म्हणून वेटोळं करून आपल्या गोधडीत उशाला घेतलं. पहाटे मी हाक मारली तर ती गेलेली होती.

पुढचं मला नीट आठवत नाही. माणसं आली, रडली, घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी सावडून राख नदीत सोडली. घरी आलो आणि तिच्या अंथरुणाच्या जागेकडं बघितलं. तिथं सारवलेलं होतं. गोधडी नाही, तार नाही.

भावजय भाकरी थापत होती. तिला विचारलं.

"टाकलं की भावजी घाटावर. मेल्या माणसाच्या अंगाखालचं कुनी घरात ठिवतं व्हय?"

"आत माझी तार व्हती."

"आता मला सपान पडलं व्हतं का? आन् तार काय सोन्याची व्हती?"

"तांब्याची व्हती."

"मग एवढं काय?" म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

मी तसाच घाटावर गेलो. गोधडी निवडुंगावर पडलेली, उलगडलेली, कुत्र्यांनी ओढलेली. तार नव्हती. शेजारी कुणीतरी भंगारासाठी तारा जाळल्या होत्या. वरचं प्लॅस्टिक जाळून आतलं तांबं काढून घेतात. वास अजून येत होता. मी काळी राख पायानं उकरली. हिरव्या चिंधीचं काही राहतंय का बघत होतो. जळलं असणार म्हणून थुंकलो आणि घरी आलो.

दहावा त्याच घाटावर. पोराला मी सांगितलं होतं, साधं कर. त्याचंही काही चालत नाही. भावकीनं फलक लावला. त्यावर हिचा फोटो कुठूनतरी काढलेला, तोंड पांढरंफेक केलेलं. मिश्रीनं काळे झालेले दातसुद्धा घासून दिले होते. खाली चार पुढाऱ्यांचे फोटो हात जोडून, आणि ते हिच्यापेक्षा मोठे. मेलं कोण आहे हे परक्या माणसाला कळलं नसतं. मंडप, दोन बॉक्स, माईक. आमच्याकडं दहाव्याला श्रद्धांजलीची भाषणं करायची खोड आहे. एकेक जण येतो, दोन मिनिटं म्हणतो आणि आपलं रस्त्याचं, पाण्याचं काम सांगून खाली बसतो. पिंडापुढं भटजी घड्याळ बघत होते. कावळा शिवला की नाही ते मी बघितलंच नाही.

एक पुढारी उठला. ह्याच्याच एका सभेत भाषण ऐकून ही माझ्या कानात म्हणाली होती, "वरनं तांबं, आतनं जर्मन." तो म्हणाला, "वहिनींनी बचत गटाच्या माध्यमातून महिलांना दिशा दिली." बचत गटातून ही भांडून पहिल्याच वर्षी बाहेर पडली होती. पुढं म्हणाला, "त्यांचा मृदू स्वभाव." मी खाली बघितलं, नाहीतर शिवी निघाली असती.

खाली बघितलं म्हणून दिसलं. डावीकडच्या बॉक्सची तार माझ्या पायाशेजारून गेली होती. लाल आणि काळी. बॉक्सपासून निम्म्यापर्यंत पीळ, पुढं दोन्ही तारा मोकळ्या. मधे हिरवी चिंधी.

मी साऊंडवाल्याकडं गेलो. "ही तार कुटनं आनली?"

"हितंच पडली व्हती काका. मागच्या आठवड्यात दुसऱ्या दहाव्याला आल्तो, तवा घावली. माझी कमी पडत व्हती. लई चांगलं तांबं हाय."

"ठावं हाय मला."

मी वाकलो आणि बॉक्सच्या मागून टोकं उपटली. मग दुसरीकडचा सांधा सोडवला. डावा बॉक्स बंद. डावीकडच्या बाया भाषण संपलं समजून उठल्या आणि पदर सावरत चपला शोधायला लागल्या. उजवीकडं मृदू स्वभाव चालूच होता. बायांना वाटलं, तिकडचे उगीचच बसून राहिलेत, म्हणून त्या त्यांना खुणा करायला लागल्या. पुढाऱ्यानं माईकवर बोट वाजवलं.

पोरगा पळत आला. "आबा, काय करताय? लोक बघत्यात."

"बघू दे. तुझ्या आईची तार हाय."

मी वेटोळं खांद्यावर टाकलं. भावजयीनं तोंडाला पदर लावला. "अगंबया! भावजी, मसनातलं घरात न्हेत्यात का कुनी?"

"तुमी समदी मसनातनं माझ्या घरातच निघालाय की जेवायला. ही तर जेवत बी न्हाई."

कुणी हसलं नाही. पुढाऱ्यानं भाषण आवरलं, एवढं बरं झालं.

घरी पोरानं हात जोडले, निदान आत आणू नका म्हणाला. त्यालाही जीव नकोसा झाला होता. मी तार गोठ्याच्या खुंटीला टांगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाव्हणे उठायच्या आत मी परसात गेलो. तारेवरची माती ओल्या फडक्यानं पुसली. साऊंडवाल्यानं टोकं दातानं सोलून खराब केली होती, ती कापून टाकली. तिच्याकडची टोकं मोरीजवळच्या खांबाला बांधली. चिंधी सोडली आणि खिशात ठेवली. मग गोठ्याच्या दाराशी उभा राहून ड्रिल फिरवायला लागलो.

थोडा पीळ बसला आणि तार ताठ झाली. मी थांबलो. खांबाकडं बघितलं. मग मीच एक पाऊल पुढं टाकलं आणि फिरवलं. परत ताठ झाली, परत एक पाऊल. पीळ पुरा झाला तेव्हा मी गोठ्याच्या दारापासून बराच पुढं आलो होतो.

तार ओटीवरून छपराखालून नेली, बॉक्स मोरीच्या वर टांगला. रेडिओ लावला. कांद्याचे बाजारभाव चालले होते. आवाज स्वच्छ येत होता. मोरीत कालच्या जेवणाची पातेली पडली होती. मी राख घेतली आणि घासायला बसलो.